एकाच क्रीमच्या दोन डब्या

चेहऱ्यावर काही उठलं की बाईच्या मनात पहिल्यांदा येतं ते ‘कोणाला दिसलं असेल का’. दुखतंय का, खाजतंय का, हे नंतर. मी तरी तशीच होते, आणि म्हणून महिनाभर दवाखान्याची पायरी चढले नाही. माझ्यासारखं कोणी पदराआड तोंड लपवून बसलं असेल तर तिने निदान तो महिना वाचवावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. त्यात माझ्या स्वभावाचं जे काही बाहेर पडेल ते पडू दे. आजार सांगायचा आणि स्वभाव झाकायचा, हे मला जमण्यासारखं नाही.

रजनीची फळी

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या करडीचे. घरी धानाची शेती, आणि हे गावच्याच शाळेत मास्तर. धाकटे दीर जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला, तिथेच त्यांचं क्वार्टर. त्यांची बायको रजनी नागपूरची. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी तेव्हा सव्वीसची आणि ती बावीसची.

रजनी गोरी होती. नुसती गोरी असती तर मी सोसलं असतं. पण ती गोरी होती आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं, हे मला सहन होत नसे. तिच्या क्वार्टरमध्ये आरशाखाली एक लाकडी फळी होती. त्या फळीवर स्नो, कोल्ड क्रीम, गुलाबपाणी, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट, सगळं उंचीप्रमाणे ओळीने मांडलेलं. माझ्याकडे कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. बोटाने कपाळाला मेण लावायचं आणि वर कुंकू गोल बसवायचं, झाला आमचा शृंगार.

तिच्याकडे गेलं की ती चहा टाकायला आत जाई आणि मी फळीसमोर उभी राही. एकेक झाकण उघडून वास घेई, पुन्हा तसंच लावून ठेवी. कोणत्या डबीतून तिचा तो रंग येतो, हे मला शोधून काढायचं होतं. ती जन्मतःच गोरी आहे, हे मला ठाऊक होतं. तरी शोधत होते.

घरी कोणी पाहुणे आले की सासूबाई विचारत, “लहानी सून पाह्यली का माही?” मोठी सून समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे.

तिच्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं एकच होतं, माझी मंजू. तीन वर्षांची. रजनीच्या लग्नाला चार वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटतं असं मी चारचौघांत सांगत असे. खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. देवाने हिशेब बरोबर केला, असंच वाटे.

रोवणीचे दिवस

त्या वर्षी धानाची रोवणी सुरू व्हायच्या आधी रजनी दोन दिवस राहून गेली. मंजूला फ्रॉक आणला आणि मला क्रीमची एक नवी डबी दिली. तिच्या फळीवर होती तसलीच, ज्या डबीचा मी सर्वांत जास्त वेळा वास घेतला होता. म्हणाली, तोंड धुऊन झोपताना लावत जा, उन्हाने चेहरा किती रापला तुमचा.

‘रापला’ हा शब्द मला लागला. आम्हाला असले चोचले करायला वेळ नसतो, असं मी तिला सुनावलं आणि डबी माझ्या पेटीत साड्यांखाली ठेवली. ती गेली त्याच संध्याकाळी लावायला सुरुवात केली. ती एकदा लावा म्हणाली होती, मी सकाळ-संध्याकाळ लावू लागले.

रोवणीत दिवसभर धानाच्या बांधीतल्या चिखलात उभं राहावं लागतं. पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, चिखल्या होतात. त्यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे बिबा. बिबा दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं तेल निघतं, ते चिखल्यांवर लावायचं. घरात हे काम माझं. संध्याकाळी सासूबाईंच्या पायांना आणि रोवणीला येणाऱ्या बायांच्या पायांना मीच बिबा लावायची. बिबा अंगावर उततो हे कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून आधी हाताला तिळाचं तेल चोळून घ्यायचं आणि नंतर राखेने हात पुसायचे. लहानपणापासून हे करत आले होते. मला कधी काही झालं नव्हतं.

रोवणी आटोपली, उरलेले बिबे गाडग्यात गेले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझा डावा गाल खाजायला लागला.

पदराआड

आधी नुसती खाज. मग लाल, मग पाणी सुटायला लागलं, मग त्यावर काळी खपली. हळूहळू दोन्ही गाल, हनुवटी, मान. मी काय करावं? जितकं खाजे तितकं क्रीम जास्त लावत गेले. बेसन लावलं, साय लावली, कोणी सांगितली म्हणून मुलतानी माती लावली, आणि या सगळ्यावर पुन्हा क्रीम, कारण एवढ्या गोऱ्या बाईचं क्रीम नुकसान कसं करेल?

गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या भागात अंगावर चट्टा दिसला की लोकांच्या तोंडात एकच नाव येतं, महारोग. पाणी भरायला गेले की बाया आपापली भरलेली गुंडी उचलून बाजूला होत. शुक्रवारी सवाष्णी घरी येत, त्या माझ्या हातचं कुंकू लावून घेईनाशा झाल्या. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. ते मी सोसलं. मग एके दिवशी मंजू माझ्या मांडीवर येऊन बसली आणि सासूबाईंनी तिला उचलून नेलं.

“पोरीले जवळ नोको घेऊ,” त्या दारातून म्हणाल्या. “तुह्यावर राग नाही माहा. पण तिचं तोंड असं झालं तर तिले सून कोण करन?”

हीच भीती मलाही होती. रविवारी दीर आले आणि मंजूला काही दिवसांसाठी जवाहरनगरला घेऊन गेले. ती रडेल, मला बिलगेल, म्हणून मी आत चुलीपाशी बसून राहिले. ती रडली नाही. “काकूची पावडर लावीन,” असं सांगत काकाचं बोट धरून उड्या मारत गेली.

गावभर मी सांगायला सुरुवात केली की रजनीने दिलेल्या क्रीमने माझं वाटोळं केलं. माझी कूस भरलेली तिला बघवली नाही, म्हणून तिने काहीतरी देऊन माझी मुलगी नेली. हे शब्द माझे आहेत. विहिरीवर, उंबऱ्यावर, जी ऐकेल तिला सांगितले.

कापसाचा बोळा

एका सकाळी दोन्ही डोळे सुजून बंद झाले, तेव्हा ह्यांनी शाळेतून रजा घेतली आणि मला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. चामडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आवाज खडा. त्यांनी आधी मला काही विचारलंच नाही. डोळे बंदच होते, ते तसेच ठेवा म्हणाल्या, आणि जिथे काही लागलं असं वाटेल तिथे बोट ठेवा.

कापसाचा बोळा गालाला लागला. मी बोट ठेवलं. मग हनुवटीला, मानेला, कपाळाला. महारोगाचा चट्टा बधिर असतो हे मी ऐकून होते, आणि प्रत्येक वेळी मला कळत होतं. तेवढ्या वेळात मी किती नवस बोलले ते सांगत नाही.

“हा महारोग नाही,” त्या म्हणाल्या. “आणि असता, तरी तो औषधाने बरा होतो. त्यासाठी लेकरू घरातून काढावं लागत नाही. तुमच्या तोंडाला काहीतरी लागतंय, ते चामडीला सोसत नाहीये.”

मंजूबद्दल त्यांना ह्यांनी सांगितलं असावं. ‘नाही’ हा शब्द ऐकल्यावर मी अशी रडले की सुजलेल्या डोळ्यांतून पाणीसुद्धा नीट येईना.

मला भरती केलं. सकाळी जांभळ्या पाण्यात भिजवलेल्या घड्या तोंडावर, दुपारी पांढरं औषध, संध्याकाळी सुई. साबण बंद, कुंकू बंद, आरसा वॉर्डात नव्हताच. शेजारच्या खाटेवर पवनीच्या कमलबाई होत्या. भाजी विकायच्या. अंगाचे पापुद्रे सुटायचा त्यांना जुना आजार, दरवर्षी येऊन राहत, म्हणून वॉर्डात त्यांचा मान. पहिल्या दिवशी वॉर्डात माझ्या हातून पाण्याचा पेला घेणाऱ्या त्याच. महिनाभरात माझ्या हातचं कोणी काही घेतलं नव्हतं. पेला रिकामा करून त्यांनी परत दिला आणि आणखी मागितला.

मी त्यांना रजनीच्या सगळ्या कहाण्या सांगितल्या. चार दिवस ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “रजनीचं नाव काहाडलं का तू गाल खाजवते. पाहून राहिली मी.”

सोळा चौकोन

डॉक्टरीणबाईंनी हुकूम केला होता की तोंडाला जे जे लागतं ते सगळं आणा. हे करडीला जाऊन पिशवी भरून घेऊन आले. कुंकू, मेण, खोबरेल, साबण, हळद, बेसन, मुलतानी माती, आणि पेटीतली ती डबी. उशीचा अभ्रासुद्धा आणला, मास्तर माणूस.

बाईंनी सगळं टेबलावर मांडलं आणि एकेक उचलून मला सांगत गेल्या. त्यांना वेळ नव्हता, तरी सांगितलं, कारण मी विचारलं. रजनीच्या फळीवरच्या वस्तूंचंही मी विचारून घेतलं. पावडर म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी आणि वास. स्नो म्हणजे चरबीतून काढलेलं एक आम्ल, पाणी आणि वास. साबण चामडीवरचं तेल काढून नेतो. आधीच फाटलेल्या चामडीला बेसन-हळदही बोचते, घरची आहे म्हणून दयामाया करत नाही. वासासाठी जे घालतात ते पुष्कळांना सोसत नाही. कुंकवातला रंग काहींच्या कपाळावर काळा डाग पाडतो. मग त्यांनी रजनीची डबी उचलली, खोक्यावरचं वाचलं आणि म्हणाल्या, मेण, तेल, पाणी, वास.

“मेण कोणतं?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या कुंकवाच्या मेणाच्या डबीकडे बोट केलं. मधमाशीचं, हेच.

इतकी वर्षं मी ज्या डबीसाठी जळत होते तिच्यात निम्मं माझंच मेण होतं. ते ऐकून हलकं वाटायला हवं होतं. उलट फसवल्यासारखं वाटलं.

प्रत्येकातलं आणि दवाखान्याकडच्या काही वस्तूंतलं थोडं थोडं घेऊन माझ्या पाठीवर सोळा छोटे चौकोन चिकटवले. दोन दिवस आंघोळ नाही, पाठ टेकायची नाही. मी पोटावर पडून देवाला एकच मागत होते. बरी कर, असं नव्हे. अकरावा चौकोन उठू दे. अकरावा म्हणजे रजनीचं क्रीम.

पट्ट्या काढल्या. पंधरा चौकोन कोरे. अकरावा लालबुंद, त्यावर बारीक फोड.

मला एवढा आनंद त्या अख्ख्या आजारपणात झाला नव्हता. पाठ जळत होती आणि मी हसत होते. ह्यांना म्हटलं, जवाहरनगरला जा आणि माझं नाव घेऊन सांगा, क्रीमच निघालं. हे गेले आणि सांगून आले. रजनी काय म्हणाली, विचारलं. हे माझ्याकडे न पाहता खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसरी डबी

डॉक्टरीणबाईंना मात्र समाधान नव्हतं. मेण मला सोसत होतं, तेल सोसत होतं, आणि फोड क्रीमच्या मानाने फार मोठा उठला होता. त्यांनी त्याच क्रीमची दुसरी डबी मागवली. रजनीनेच आपली फळीवरची, अर्धी वापरलेली, दिरांच्या हाती पाठवून दिली. त्यातलं माझ्या पाठीवर लावलं. शेजारी पुन्हा माझ्या डबीतलं.

माझ्या डबीतलं उठलं. तिच्या डबीतलं कोरं.

एकच क्रीम, एकच कंपनी. बाईंनी दोन्ही डब्या उघडून शेजारी ठेवल्या. मग माझा उजवा हात हातात घेतला आणि नखं उलटीसुलटी करून पाहिली. तर्जनीच्या नखाच्या कडेला काळी रेघ होती. किती घासली तरी ती जात नव्हती.

“रोवणीत पायाला काय लावता?” त्यांनी विचारलं.

त्यांनी ओळखलं होतं आणि मलाही कळलं होतं. राखेने हात पुसून मी रोज तेच बोट डबीत घालत होते. एखाद्याची चामडी वर्षानुवर्षं बिबा सोसते आणि एके वर्षी रुसते, मग कणभरही पुरतो, असं त्या म्हणाल्या. बिबे गाडग्यात गेले, पण डबीत राहिले होते. मी ते सकाळ-संध्याकाळ तोंडाला फासत होते, तिच्याहून गोरी व्हायला.

हे त्या वेळी खाली औषधं आणायला गेले होते. बाईंनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. ह्यांनी परत येऊन विचारलं तेव्हा मी म्हटलं, क्रीममुळेच. ते खोटं नव्हतं. कमलबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कूस बदलली आणि त्या दिवशी माझ्या हातचं पाणी मागितलं नाही.

फळी

तीन आठवड्यांनी घरी आले. तोंडावर काळे डाग होते, पण खपल्या गेल्या होत्या. महारोग नाही असा डॉक्टरांचा कागद होता, तो ह्यांनी सासूबाईंना वाचून दाखवला. माझं ताट पुन्हा आत आलं. सासूबाई रजनीला बोल लावत होत्या आणि मी भात वाढत होते. आठ दिवस मी गप्प राहिले. गप्प राहणं सोपं होतं, आणि गोडही लागत होतं, हे लिहायला लाज वाटते.

मग मंजूला आणायला मी एकटीच निघाले. भंडाऱ्याला गाडी बदलून जवाहरनगरला पोचले. रजनीने दार उघडलं आणि तिथेच थांबली. पाया पडायला वाकली, मग मला शिवावं की नाही अशी अडखळली. मंजू आत चटईवर झोपली होती.

ती पाणी आणायला गेली आणि माझी नजर सवयीने फळीकडे गेली. फळी रिकामी होती. पुसून स्वच्छ केलेली, वर खोबरेल तेलाची एक शिशी आणि फणी. टिकल्यांचं पाकीटसुद्धा नाही.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते समाधान होतं. क्षणभरच, पण आलं.

रजनीने पेला समोर धरला. “मंजूले मी फक्त खोबरेल लावलं जी, ताई,” ती म्हणाली. “दुसरं काहीच नाही लावलं. तुमचं तसं झालं आयकलं तवाच सगळं बांधून ठेवलं, अन् डबी दवाखान्यात देल्ली तवा बाकीचं फेकून देल्लं. मले खरंच नोहतं माईत का त्याच्यात काय असते.”

पावडर लावायच्या आशेने गेलेली माझी मुलगी दीड महिना पावडरशिवाय राहिली होती. त्या घरात एक बाई आपण विष दिलं असं समजून माझं लेकरू सांभाळत होती. पेला मी घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“तुह्या क्रीममध्ये काही नोहतं,” मी म्हटलं. “माह्या बोटाले बिबा होता. मले दवाखान्यातच समजलं होतं.”

मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं, मी तिच्या जागी असते तर गाव गोळा केलं असतं. ती उठली, झोपलेल्या मंजूच्या अंगावरून सरकलेली चादर नीट केली आणि पाठमोरीच म्हणाली, “ताई, आठ दिवस राहू द्या तिले.”

‘नाही’ माझ्या ओठावर तयार होतं. दीड महिना मी त्या मुलीसाठी तळमळले होते. पाठीवर पट्ट्या बांधून पोटावर पडले होते. आणि मागत होती कोण, तर जिच्यापाशी सगळं आहे असं मी धरून चालले होते ती.

“राहू दे,” मी म्हटलं.

मंजू उठायच्या आत निघाले. ती उठली असती तर मला ते जमलं नसतं.

घरी येऊन सासूबाईंना आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे बाहेर जाऊन बसले. सासूबाई आपल्या पायांकडे पाहत राहिल्या. मग मी विहिरीवर गेले आणि जिथे जिथे रजनीचं नाव घेतलं होतं तिथे तिथे माझं घेतलं. बाया ऐकत होत्या. त्यांना पहिली गोष्ट जास्त आवडली होती, हे दिसत होतं.

ते आठ दिवस मी जळत होते. मंजू आता उठली असेल, रजनी तिला भरवत असेल, मंजू तिच्या कुशीत शिरत असेल. चेहऱ्याला औषध होतं, याला नव्हतं. माझे डाग जायला पुढे वर्ष लागलं, आणि अजूनही कोणाचा उजळ चेहरा पाहिला की माझं बोट आपोआप गालाकडे जातं.

नवव्या दिवशी दीर मंजूला घेऊन आले. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, मला कधी जमल्या नाहीत अशा. ती धावत येऊन गळ्यात पडली आणि मी तिच्या मानेत तोंड खुपसलं. पावडरचा वास आला. मान, कान, पाठ, सगळीकडे भरपूर लावली होती.

म्हणजे फळी पुन्हा भरली होती. मी जळले, पण त्या दिवशी मंजूला आंघोळ घातली नाही.